मुलांना विचारण्याआधी उत्तराची सोय करा

मुंबईतल्या बहुतेक शाळांमध्ये तक्रारपेटी असते, बालमंत्रिमंडळ असते, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांची नावे लिहिलेला फलकही असतो. तरीही दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, ही गोष्ट मुख्याध्यापकांना सहा महिन्यांनी कळते, आणि तीही एखादी आई फाटकाशी येऊन भांडल्यावर. विचारण्याची साधने पुष्कळ आहेत, उत्तर देण्याची व्यवस्था मात्र कोणी लावलेली नाही. म्हणून मुलांचे म्हणणे ऐकण्याच्या कामाची सुरुवात मोठ्यांपासून करावी असे माझे मत आहे. मूल जे सांगेल त्याला कोण उत्तर देणार आणि किती दिवसांत देणार हे आधी लेखी ठरवावे, आणि मगच मुलांच्या हाती कागद द्यावा.

पूर्व उपनगरातल्या एका शाळेत आम्ही पहिल्या वर्षी हा क्रम उलटा ठेवला होता. पेटी रंगवली, मुलांनी भरभरून चिठ्ठ्या टाकल्या, त्या सगळ्या एका पाकिटात घालून कपाटात ठेवल्या गेल्या, आणि वार्षिक परीक्षा आली. पुढच्या जूनमध्ये पेटी उघडली तेव्हा आत चॉकलेटचे कागद होते. मुलांनी आमची किंमत बरोबर ओळखली होती.

कायद्याचा आधार भक्कम आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळा विकास आराखडा तयार करण्याची जबाबदारी कलम 22 ने याच समितीवर टाकली आहे. अनुदानित शाळांत समितीचे काम सल्ल्यापुरते असते आणि विनाअनुदानित खासगी शाळांत ती नसतेच, तिथे पालक-शिक्षक संघातूनच वाट काढावी लागते. मुलांविषयी बोलायचे तर, बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1992 मध्ये सहभागी झाला, त्याच्या कलम 12 मध्ये मुलांचे मत ऐकण्याबरोबरच त्यांचे वय आणि समज पाहून त्या मताला योग्य वजन द्यावे असे म्हटले आहे. आपल्याकडे ऐकण्याचा कार्यक्रम होतो, वजन देण्याचा भाग राहून जातो.

आधी इमारत, मग समिती

मुंबईत एक गुंता असा आहे की जो गावच्या शाळेत सहसा आढळत नाही. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शाळा चालवते, आणि अनेकदा एकाच इमारतीत वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत भरतात. मुख्याध्यापक वेगळे, समित्या वेगळ्या. पाण्याची टाकी, जिना आणि स्वच्छतागृहे मात्र सामाईक. सकाळची शाळा म्हणते की घाण दुपारवाले करतात, दुपारची शाळा नेमके उलट म्हणते, आणि या भांडणाला हळूहळू भाषेचा आणि धर्माचा रंग चढतो. त्यामुळे पहिली भागीदारी बाहेरच्या संस्थेशी न करता त्याच इमारतीतल्या शेजारच्या शाळेशी करावी. सर्व शाळांचे मुख्याध्यापक, प्रत्येक समितीतील दोन पालक आणि प्रत्येक शाळेतील दोन विद्यार्थी यांनी महिन्यातून एकदा, अधिवेशन बदलण्याच्या वेळेत अर्धा तास एकत्र बसावे आणि फक्त सामाईक जागांविषयी बोलावे. इमारतीच्या दुरुस्तीचा अर्ज सर्व समित्यांच्या सह्यांनी एकच गेला, तर ‘हे आमच्या शाळेकडे येत नाही’ असे म्हणायला कोणाला जागा राहत नाही.

समितीच्या निवडीत फार चुका होतात. ओळखीच्या चार पालकांना फोन करून बोलावून घेणे आणि कोऱ्या इतिवृत्तावर सह्या घेऊन ठेवणे, हे सर्रास चालते. त्याऐवजी निवडीपूर्वी हजेरीपटातले पत्ते काढावेत आणि कोणत्या वर्गात कोणत्या चाळीतली, कोणत्या गल्लीतली, कोणत्या संक्रमण शिबिरातली मुले आहेत याची साधी यादी करावी. गोवंडीच्या शिवाजीनगरसारख्या वस्तीत रस्ता क्रमांकावरूनच बरेच काही समजते: नळ कुठपर्यंत आहे, डंपिंग ग्राउंड किती जवळ आहे. वर्गवार पालकसभा घेऊन निवड करावी, आणि ज्या गल्लीतून एकही पालक आलेला नाही तिथे समितीतल्या दोन जणांनी स्वतः जावे. हजेरीच्या वहीत ‘कोण आले’ या रकान्याशेजारी ‘कोण आले नाही’ असा रकाना ठेवण्याची सवय लावली, तर विषमता कुठे आहे हे शोधायला वेगळे सर्वेक्षण करावे लागत नाही.

सभेची वेळ हा किरकोळ तपशील वाटतो, तो तसा नाही. सकाळी अकराची सभा म्हणजे घरकाम करणाऱ्या बाईचा एक खाडा, आणि संध्याकाळी पाणी येण्याच्या वेळेची सभा म्हणजे घरात दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी नाही. वेळ ठरवण्यापूर्वी त्या वस्तीत पाणी किती वाजता येते हे विचारावे. सभेची सूचना फक्त व्हॉट्सअॅपवर पाठवू नये, कारण घरातला फोन बहुधा वडिलांकडे कामावर असतो; मुलांच्या वहीत दोन ओळी लिहून पाठवाव्यात. इतिवृत्त मराठीत लिहिले तरी सह्या घेण्यापूर्वी ते हिंदीतही वाचून दाखवावे. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली आई मान डोलावते म्हणजे तिला ठराव समजला असे होत नाही.

मुलांचा आवाज: मॉनिटरच्या पलीकडे

मुलांचे प्रतिनिधी निवडताना शिक्षकांचे बोट आपोआप मॉनिटरकडे जाते. मॉनिटर हुशार असतो, नीटनेटका असतो आणि शिक्षकांना काय ऐकायला आवडते हे त्याला पक्के माहीत असते. नेमकी तीच अडचण आहे. प्रतिनिधींपैकी निम्मे मुलांनी निवडावेत आणि निम्मे चिठ्ठ्या टाकून काढावेत, म्हणजे मागच्या बाकावरचे, सारखे गैरहजर राहणारे आणि नुकतेच गावाहून आलेले मूलही त्यात येते. अपंग मुलांसाठी एक जागा राखूनच ठेवावी, कारण वरच्या मजल्यावरच्या वर्गात पोहोचणे हाच ज्यांचा प्रश्न आहे ती मुले वरच्या मजल्यावर भरणाऱ्या सभेत दिसत नाहीत.

‘तुम्हाला काय अडचण आहे?’ या प्रश्नाला मुले ‘काही नाही, सर’ असे उत्तर देतात. त्यापेक्षा नकाशा काढायला सांगावा. सहावीच्या एका वर्गात आम्ही मुलामुलींचे वेगळे गट करून घरापासून बाकापर्यंतचा रस्ता काढायला सांगितला आणि नकोशा जागा काळ्या करायला सांगितल्या. मुलग्यांच्या कागदावर मैदानाने निम्मी जागा घेतली होती. मुलींच्या कागदावर मैदान कोपऱ्यात बोटभर होते, आणि मध्यभागी एक बंद दार, त्यावर कुलूप, आणि कुलपापासून तळमजल्यापर्यंत गेलेली तुटक रेघ होती. रेघ कसली, असे विचारल्यावर एका मुलीने सांगितले की चावी शिपाईकाकांकडे असते, ती मागायला दोन जिने उतरावे लागतात आणि सगळ्यांसमोर मागावी लागते. म्हणून त्या खिचडी खाईपर्यंत पाणीच पीत नाहीत. त्यानंतर चावी वर्गशिक्षिकांच्या टेबलाशेजारच्या खिळ्यावर लटकू लागली. खर्च शून्य. पण हा प्रश्न कोणत्याही पेटीतून वर आला नसता, कारण ती गोष्ट मुलींना तक्रार वाटतच नव्हती.

आलेल्या मुद्द्यांची वाटणी त्याच दिवशी मुलांसमोर करावी: शाळा स्वतः आठवडाभरात करू शकते ते, समितीच्या ठरावाने आणि अनुदानातून होणारे, आणि प्रभाग कार्यालयाकडे किंवा शिक्षण विभागाकडे अर्ज करावा लागणारे. पैशांचा आकडा मुलांपासून लपवू नये. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटसंख्येनुसार संयुक्त अनुदान ठरलेले आहे. 251 ते 1000 पट असलेल्या शाळेसाठी ते वर्षाला 75,000 रुपये आहे आणि त्यातील किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. एवढ्या रकमेत काय बसते आणि काय बसत नाही याचा हिशेब सातवीची मुले चांगला करतात, काही वेळा समितीपेक्षा चांगला.

एक गोष्ट मात्र या वाटणीत कधीही आणू नये. एखाद्या चिठ्ठीत किंवा नकाशात मारहाण, छेडछाड किंवा लैंगिक अत्याचाराचा संकेत दिसला, तर तो फलकावर जात नाही, समितीपुढेही चर्चेला ठेवला जात नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, 2012 नुसार मुलांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि ती न देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. तक्रारपेटी कोण उघडणार हे म्हणूनच आधी ठरवावे. ती एकट्या व्यक्तीने उघडू नये, आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक पेटीवरच मोठ्या अक्षरांत लिहावा.

बाहेरच्या संस्था आणि वस्तीतली माणसे

भागीदारी म्हटले की मोठी संस्था आणि कंपनीचा निधी डोळ्यांपुढे येतो. दप्तरवाटप होते, बॅनर लागतो, मुलांना उन्हात रांगेत उभे करून फोटो काढले जातात. महापालिका शाळेतल्या मुलाला दप्तर आधीच मिळालेले असते, त्यामुळे त्याच्याकडे दोन दप्तरे होतात आणि वर्गातला पंखा बंदच राहतो. संस्थेला होकार देण्यापूर्वी मुलांच्या यादीतील कोणता मुद्दा ती उचलणार हे पत्रात लिहून घ्यावे, विभागाची परवानगी घ्यावी, आणि पालकांच्या संमतीशिवाय मुलांचे फोटो वापरले जाणार नाहीत ही अट घालावी. वस्तीतली माणसे अनेकदा जास्त उपयोगी पडतात. बचत गटातल्या बायकांना कोणते मूल शाळा सोडून कामाला लागले हे हजेरीपटाच्या आधी माहीत असते. आरोग्य सेविका घरोघर जातच असते. आणि गणेशोत्सव मंडळाची खोली वर्षातले बरेच महिने संध्याकाळी रिकामी असते, तिथे एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या घरातल्या मुलांना अभ्यासाला बसता येते.

उत्तरांचा फलक शाळेच्या प्रवेशद्वाराशी लावावा, मुख्याध्यापकांच्या दालनात नव्हे. त्यावर मुलांच्याच शब्दांत मुद्दा, जबाबदार व्यक्तीचे पद, तारीख आणि उत्तर असे चार रकाने पुरतात. ‘नाही’ हे उत्तरही तिथे लिहावे, कारणासह. आमच्या फलकावर ‘मैदानात झाड पाहिजे’ या मुद्द्यापुढे ‘खाली पाण्याची टाकी आहे, झाड लावता येत नाही, कुंड्या चालतील का?’ असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी त्याखाली कोणीतरी खडूने लिहिले: ‘चालतील. पण पाणी कोण घालणार ते पण लिहा.’