वाचू लागलेल्या मुलासाठी मराठी पुस्तक कसे निवडावे

मूल अक्षरे जुळवू लागले की पालक पुस्तकांच्या दुकानात जातात आणि मुखपृष्ठावर छापलेला वयोगट पाहून पुस्तक घेतात. मराठी वाचनाच्या सुरुवातीला हा निकष फारसा उपयोगी पडत नाही, कारण गोष्ट समजायला सोपी असणे आणि ती कागदावरून वाचायला सोपी असणे या दोन निराळ्या बाबी आहेत. ऐकताना पाच वर्षांच्या मुलाला पूर्ण कळणारी गोष्ट त्यालाच स्वतः वाचताना पहिल्या ओळीत अडवते, आणि त्या अडण्याचे कारण बहुतेक वेळा गोष्टीत नसून ओळीतल्या चिन्हांत असते. म्हणून पुस्तक हातात घेतल्यावर वयाच्या आधी हे पाहावे की या मुलाला आज काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांपैकी काय काय वाचता येते.

त्यासाठी घरातली पुस्तके दोन गटांत ठेवावीत. एक गट आपण वाचून दाखवायच्या पुस्तकांचा आणि दुसरा मुलाने स्वतः वाचायच्या पुस्तकांचा. पहिल्या गटात लांब गोष्टी, अवघड शब्द, जुनी लोककथा, काहीही चालते. तेथे भाषा जितकी समृद्ध तितके चांगले. दुसऱ्या गटातील पुस्तक मात्र मुलाच्या त्या दिवसाच्या वाचनशक्तीला झेपणारेच असावे. मूल स्वतः वाचू लागले म्हणून वाचून दाखवणे बंद करणे मला अत्यंत चुकीचे वाटते, कारण त्याच्या वाचनाला झेपणाऱ्या चार-सहा शब्दांच्या वाक्यांवर त्याची गोष्टींची भूक भागत नाही.

स्वतः वाचायच्या पुस्तकांची सुरुवात साधारणपणे बिनकान्याच्या शब्दांनी होते: घर, नळ, बदक, गवत, करवत. येथेच मुलाला एक गोष्ट उमगावी लागते की ‘करवत’ हा शब्द चारही अक्षरे पूर्ण उच्चारून होत नाही, तो ‘कर्‌वत्‌’ असा बोलावा लागतो. हा टप्पा आवश्यक आहे, पण तो थोडक्यात संपवावा. संपूर्ण पुस्तकच बिनकान्याच्या शब्दांत लिहायचे ठरवले की ‘छगन, झटकन गवत बघ’ अशी वाक्ये तयार होतात, जी कोणत्याही घरात कोणी बोलत नाही. अशा पुस्तकांचा आख्खा संच घेऊ नये, एखादे पुरे. त्यापेक्षा काना आणि दीर्घ वेलांटी आली की लगेच खऱ्या वाक्यांची पुस्तके द्यावीत. ऱ्हस्व वेलांटीला थोडा वेळ लागतो, कारण ‘चिमणी’ या शब्दात ती ‘च’च्या आधी दिसते आणि उच्चारात मात्र नंतर येते. रफाराचेही तसेच आहे: ‘पर्वत’ लिहिताना तो ‘व’च्या डोक्यावर असतो, पण वाचताना ‘व’च्या आधी घ्यावा लागतो. पुस्तकात रफार वारंवार दिसत असेल तर ते काही महिने बाजूला ठेवावे.

जोडाक्षरांविषयी पालकांचा एक समज बदलणे गरजेचे आहे. जोडाक्षरे शेवटी शिकायची असतात, म्हणून सुरुवातीच्या पुस्तकात ती मुळीच नसावीत, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मराठीतली साधी गोष्टही जोडाक्षरांवाचून पुढे सरकत नाही. आईच्या कडेवर, त्याला, माझ्या घरी, आपल्या गावात, छोट्या होड्या: या प्रत्येक ठिकाणी ‘य’ जोडलेला आहे. त्यामुळे च्या, त्या, ल्या, झ्या, व्या ही रूपे मुलाला लवकर, अगदी ओळखीच्या चेहऱ्यासारखी, दाखवून द्यावीत आणि पहिल्या टप्प्यात जोडाक्षरे एवढ्यापुरतीच असलेले पुस्तक शोधावे. क्त, द्ध, ष्ट, स्त्र, श्व असलेली पाने त्यानंतरची आहेत. दुकानात उभे राहून हे पाहणे अवघड नाही: मधले कोणतेही पान उघडावे आणि ‘य’ जोडलेली अक्षरे सोडून उरलेली जोडाक्षरे मोजावीत. दोन-तीन निघाली तर पुस्तक घ्यावे, दहा निघाली तर ते वाचून दाखवायच्या गटात टाकावे.

पुस्तकात किती शब्द आहेत यावरून त्याची पातळी ठरवण्याची पद्धत सर्वत्र आहे. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पुस्तकांच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीत साधारण २५० शब्दांपर्यंतची आणि दुसरीत ६०० शब्दांपर्यंतची पुस्तके येतात. तेथे मराठी पुस्तके विनामूल्य वाचता येतात, उतरवून छापताही येतात, आणि घरी पुष्कळ पुस्तके विकत आणणे शक्य नसेल तर हा फार मोठा आधार आहे. तरीही शब्दसंख्येवर एकट्यावर विसंबू नये. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, त्यामुळे ‘आजोबांबरोबर’ किंवा ‘झाडाखालच्या’ हा मोजायला एक शब्द असला तरी मुलाला तो तीन टप्प्यांत सोडवावा लागतो. शिवाय यातील बरीच पुस्तके दुसऱ्या भाषांतून आलेली आहेत. मूळ भाषेत सोपे असलेले वाक्य मराठीत येताना जोडाक्षरांनी भरू शकते. पातळीचा आकडा पाहावा, पण पान स्वतः वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

शब्द ओळखीचा असणे हा चिन्हांच्या बरोबरीचा निकष आहे. नागपूरच्या मुलाला ‘संत्रे’ हा शब्द अनुस्वार आणि ‘त्र’ असूनही लवकर वाचता येतो, कारण निम्मा शब्द वाचेपर्यंत उरलेला त्याच्या तोंडात आलेला असतो; उलट ‘फडताळ’ या शब्दात काना सोडला तर काहीच अवघड नाही, पण घरात सगळे आलमारी म्हणत असल्याने मूल अक्षरे बरोबर लावूनही तो शब्द ओळखत नाही. म्हणून पहिली काही पुस्तके अशी असावीत की त्यातल्या वस्तू, माणसे आणि प्रसंग मुलाच्या जगातले असतील: बाजार, पाऊस, मेट्रो, तान्ह्या म्हणजे मुलांच्या पोळ्याचा लाकडी नंदी, आजीचे घर. चित्रात पेरू आणि शेजारी ‘पेरू’ असे छापलेले असताना मूल ‘जाम’ (विदर्भात पेरूला जाम म्हणतात) वाचत असेल, तर ते अक्षरांकडे न पाहता चित्र पाहून बोलत आहे हे ओळखावे. रागावू नये, फक्त पुढच्या वेळी चित्रातून शब्द थेट सापडणार नाही असे पान द्यावे. वऱ्हाडी बोलल्या जाणाऱ्या घरातील मूल ‘डोळा’ पाहून ‘डोया’ म्हणाले तर ती वाचनातील चूक समजू नये. त्याने शब्द बरोबर ओळखला आहे आणि तो आपल्या बोलीत उच्चारला आहे.

छपाईकडे पालकांचे लक्ष सहसा जात नाही, पण या वयात ती फार महत्त्वाची ठरते. अक्षर मोठे असावे, दोन शब्दांतले अंतर स्पष्ट दिसावे, ओळींमध्ये मोकळी जागा असावी आणि शब्द ओळीच्या शेवटी तोडलेला नसावा. मजकूर गडद चित्रावर छापलेला असेल तर वेलांट्या आणि अनुस्वार हरवतात. काही पुस्तकांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे छापलेले असतात; शाळेत मराठी वळण गिरवणारे मूल तेथे थबकते. जोडाक्षरांच्या बाबतीतही असेच होते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत ‘बुद्‌धी’ असे अक्षरे सुटी दाखवून छापलेले पाहिलेल्या मुलाला इतर पुस्तकांतला ‘बुद्धी’ नवाच वाटतो. दोन्ही रूपे एकदा शेजारी लिहून दाखवली की हा प्रश्न मिटतो. शुद्धलेखनाच्या चुका असलेली स्वस्त पुस्तके मात्र घेऊच नयेत, कारण या वयात डोळ्यांसमोर शब्दाचे जे रूप येते ते दीर्घकाळ टिकते.

आशयाबाबत माझे मत स्पष्ट आहे. एकाच जाड पुस्तकात शंभर बोधकथा, बारीक टाइप, दर कथेला एक फिकट चित्र आणि शेवटी तात्पर्य, असे पुस्तक भेट म्हणून सर्वाधिक दिले जाते आणि वाचू लागलेल्या मुलासाठी ते सर्वाधिक निरुपयोगी असते. बारा ते चोवीस पानांचे, एकाच गोष्टीचे, चित्रांनी गोष्ट पुढे नेणारे आणि एखादे वाक्य पुन्हा पुन्हा येणारे पुस्तक निवडावे. परत येणारे वाक्य मूल दुसऱ्या वेळी ओळखते, तिसऱ्या वेळी न अडखळता म्हणते, आणि तेवढ्या यशावर पुढचे नवे वाक्य वाचायला तयार होते. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला आणि ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तके या दृष्टीने अवश्य चाळावीत; मात्र त्यांतही प्रत्येक पुस्तक स्वतः वाचण्याच्या टप्प्याचे नसते.

निवडलेले पुस्तक योग्य आहे की नाही हे शेवटी मुलाच्या तोंडूनच कळते. दुकानात परीक्षा घेऊ नये. घरी, निवांत वेळी, दोन-तीन पाने मोठ्याने वाचू द्यावीत. वीस शब्दांत एखाद्या ठिकाणी मूल अडले तर पुस्तक बरोबर आहे. तीन-चार ठिकाणी अडले तर ते आज आपण वाचून दाखवावे आणि काही आठवड्यांनी परत काढावे. एकदाही न अडता सगळे वाचले तर तेही चांगलेच आहे, अशी पुस्तके पुन्हा पुन्हा वाचल्याने वेग येतो. वाचून झाल्यावर ‘पुढे काय झाले असेल?’ एवढे विचारावे. वेगाची घाई करू नये. पायाभूत वाचन आणि गणितासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानानेही पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये वाचता यावीत आणि दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, एवढेच उद्दिष्ट ठेवले आहे.

इंग्रजी माध्यमातील मुलांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले असले, तरी या मुलांचे मराठी वाचन बोलण्यापेक्षा दोन-तीन वर्षे मागे राहू शकते. आठ वर्षांच्या मुलाला कोंबडीच्या पिल्लाची गोष्ट दिली तर त्याला अपमान वाटतो. त्याच्यासाठी मोठी छायाचित्रे आणि खाली एक-दोन ओळी असलेली माहितीपर पुस्तके शोधावीत. ताडोबा किंवा पेंच पाहून आलेल्या मुलाला वाघ, अस्वल, मोर, गवा हे शब्द वाचायला कोणी आग्रह करावा लागत नाही. नागपुरात हिंदीही सतत कानावर पडते आणि लिपी तीच असल्यामुळे हिंदी पुस्तकेही मूल उचलते. त्याला अडवू नये, फक्त मराठीतली अक्षरे आणि त्यांचे उच्चार पक्के होईपर्यंत स्वतः वाचायची पुस्तके मराठीच ठेवावीत, म्हणजे ‘ळ’ किंवा ‘चाक’मधला मराठी ‘च’ अशा हिंदीहून वेगळ्या उच्चारांबाबत गोंधळ होत नाही.

पुस्तके मिळवण्यासाठी नागपुरात सीताबर्डीतली दुकाने आहेतच, पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लागणाऱ्या पुस्तकांच्या दालनांतही मुलाला घेऊन जावे. तेथे लहान मुलांसाठीची चरित्रे अल्प किमतीत मिळतात आणि पुस्तक विकत घेणारी एवढी माणसे मुलाला एका जागी दुसरीकडे क्वचितच दिसतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा मे महिन्याच्या दुपारांसाठी आठ-दहा पातळ पुस्तके आधीच आणून ठेवावीत आणि त्यांतील कोणते आधी वाचायचे ते मुलाला ठरवू द्यावे. त्याने सोपे निवडले तरी हरकत घेऊ नये.

‘झाडाखालच्या’ यासारखा शब्द मूल न तोडता वाचू लागले, बोट ओळीवरून आपोआप सुटले आणि वाचताना त्याचा आवाज बोलण्यासारखा होऊ लागला, की चित्रे कमी आणि छोटी प्रकरणे असलेले पहिले पुस्तक आणावे. त्याचे पहिले प्रकरण आपण वाचून दाखवावे, दुसरे अर्धे अर्धे वाचावे आणि तिसऱ्यापासून पुस्तक मुलाच्या हाती द्यावे.