पहिल्या पावसाच्या तोंडावर स्लरी शेतात ओतू नका

शेतकरी बंधूंनो, जूनचा पहिला आठवडा लागला की इंदूरच्या आसपास, सांवेर-देपालपूर-महूकडे, एकच धांदल दिसते. गोबरगॅसचा खड्डा तुडुंब भरलेला, आभाळ भरून आलेलं, मग टँकर लावून सगळी स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेला शेणाचा पातळ काला, मोकळ्या रानात. हे दरवर्षी पाहतोय. हिवाळ्यात त्याच रानातला गहू पिवळा पडतो आणि युरियासाठी रांग लागते.

आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओतलेली स्लरी त्या भेगांतून सरळ खाली उतरते. वर राहते तिच्यातला अमोनिया ऊन उडवून नेतं. बांधावर उभं राहिलं की डोळे चुरचुरतात ना, ते तुमचं नत्रच (नायट्रोजन) चाललंय. उरलेलं ओल्या, उबदार मातीत दोन-तीन आठवड्यांत नायट्रेट होतं. अमोनियाला चिकणमाती धरून ठेवते, नायट्रेटला नाही. ते चरातून नाल्यात, नाल्यातून कान्ह नदीत, नाहीतर तुमच्याच विहिरीत. पाणी तुंबलं तर वायू होऊन हवेत. तेव्हा रानात ते उचलणारी मुळंच नसतात.

आता पेरायच्या सोयाबीनला तर एवढ्या नत्राची गरजही नाही. शिफारस हेक्टरी 25 किलो नत्राची. बाकीचं नत्र पीक स्वतःच्या मुळांवरच्या गाठींतून करून घेतं. जास्त नत्र दिलं की गाठी कमी धरतात.

मग खड्डा भरलाय त्याचं काय? उंचवट्यावर सोयाबीनच्या कुटाराचे (मळणीनंतरच्या भुशाचे) थर द्या, प्रत्येक थरावर स्लरी शिंपडा, वरून माती टाका. दसऱ्यापर्यंत चांगलं खत होतं. खड्ड्याभोवती वीतभर बांध घाला, पावसाचं पाणी आत जाता कामा नये.

स्लरीची खरी जागा गव्हात. पाऊस परतल्यावर, शेवटच्या वखरणीआधी पसरा आणि त्याच दिवशी मातीत मिसळा. किंवा पेरणीनंतर 20-21 दिवसांच्या पहिल्या पाण्याबरोबर, पातळ धारेने. ओलिताच्या गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र लागतं, त्यातून स्लरीचं वजा करा. 5000 लिटरच्या टँकरात अंदाजे 10 किलो नत्र धरा, म्हणजे युरियाची अर्धी गोणी.

माझा अनुभव असा: मुठीत दाबलेली माती गोळा होऊन तशीच राहिली, किंवा शेताचा चर वाहत असला, तर त्या दिवशी टँकर आणू नका. पंखवाल्या वाळव्या निघाल्या तरी नको. हे पुस्तकात नाही, पण मी पाळतो.

सध्या दुकानात 'नत्र धरून ठेवणाऱ्या' बाटल्या गळ्यात मारतात. घेऊ नका. युरिया 2015 पासून नीमकोटेडच (नत्र हळू सुटावं म्हणून कडुलिंबाचा लेप दिलेला) येतो, आणि चुकीच्या दिवशी ओतलेली स्लरी बाटलीने थांबत नाही. तो पैसा बांधबंदिस्तीत घाला.

सोयाबीनची बाकी कामं:
- पेरणी 100 मिमी पाऊस झाल्यावरच
- उगवण किमान 70 टक्के
- रायझोबियम (गाठी धरवणारे जिवाणू) व पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), प्रत्येकी 5 ग्रॅम प्रतिकिलो बियाणे
- खोली 2-3 सेंमी
- रुंद वरंबा-सरी, चर मोकळे

आधीच ओतून झालं असेल आणि उताराला विहीर असेल, तर पाऊस सुरू झाल्यावर पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. उकळून नायट्रेट जात नाही. अहवाल येईपर्यंत तान्ह्या बाळाच्या दुधात ते पाणी घालू नका.