पेंढा विकण्याआधी भाजीच्या वाफ्यांपुरता राखून ठेवा

भाताची झोडणी आटोपली की मुंबईजवळच्या गोराई, मनोरी, उत्तनकडे पेंढ्याचे भारे बांधले जातात. जनावरांपुरता ठेवा, हवा तर थोडा विका, पण रब्बी भाजीसाठी वाफ्यातली माती झाकायला, म्हणजे आच्छादनाला, गुंठ्यामागे 50 किलो तरी बाजूला काढा. आणि उरलेला पेटवू मुळीच नका. भाताने जमिनीतून उचललेल्या पालाशचा (पोटॅशचा) मोठा वाटा दाण्यात नाही, पेंढ्यातच असतो.

खाडीलगतच्या जमिनीला या आच्छादनाची गरज सर्वांत जास्त. पावसाने धुऊन खाली गेलेले क्षार थंडी सरताना पुन्हा वर येतात. उन्हाने वरची माती सुकते, खालची ओल वर चढते, पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सरीच्या माथ्यावर पांढरी पापडी धरते ती यामुळेच. माती झाकलेली असली की हे चढणे मंदावते. मात्र विहिरीचे पाणीच मचूळ असेल, तर एकट्या पेंढ्याने भागणार नाही.

वांगी, मिरची, टोमॅटोची रोपे लावून पंधरा-वीस दिवस झाले की खुरपणी करा, खत द्या, पाणी द्या आणि वाफसा आल्यावर, म्हणजे पाणी मुरून माती नुसती ओलसर राहिल्यावर, पेंढ्याचा दोन इंच थर पसरा. ठिबकची नळी पेंढ्याखाली घ्या. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी हवीच, नाहीतर खोड कुजते. माठ, मेथीच्या फोकून पेरलेल्या वाफ्यात हे करू नका, कोंब दबतात.

कोरडा पेंढा मातीत कालवून लगेच लागवड करणे टाळा. त्यात नत्र (नायट्रोजन) फार कमी असते. तो कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र ओढतात आणि रोपे पिवळी पडतात. वर पसरलेला पेंढा सावकाश कुजतो, त्यामुळे हा त्रास बराच कमी होतो.

उत्पन्नातला फरक पाण्याची ओढाताण असते तिथे ठळक दिसतो. चिकण, पाणी धरून ठेवणाऱ्या वाफ्यात उलट मुळे गुदमरतील. म्हणून पाण्याची पाळी सवयीने देऊ नका. पेंढा सारून बोटभर खालची माती मुठीत दाबा. गोळा टिकला तर थांबा, फुटला तर पाणी सोडा. त्याच वेळी वाळवी आणि उंदरांची बिळेही बघून घ्या.

मेअखेर उरलेला पेंढा गोळा करून शेणाबरोबर खतखड्ड्यात टाका. पावसात तो वाफ्यातच राहिला, तर शंखी गोगलगायींना आयता आसरा मिळतो.