वजनाच्या ऑपरेशननंतर लगेच गणपतीला गावी? या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये वजन कमी करायचं ऑपरेशन, म्हणजे स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून अरुंद नळी ठेवणं) किंवा जठराचा बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं) झाला की मुंबई-पुण्यातल्या घरांत एकच विषय निघतो: गणपतीला गावी जायचं ना? आणि निर्णय होतो कॅलेंडर बघून. "चतुर्थीपर्यंत तीन आठवडे होतायत, म्हणजे पुष्कळ झाले." नुसते आठवडे मोजून ठरवणं हीच मुळातली चूक आहे, बाकीच्या तिच्यातूनच येतात. बघायचं ते हे: पेशंट घरी बसून दिवसाला किती पितो, उलटी होते का, आणि जिथे जायचं तिथून आपला सर्जन किती तास लांब आहे.

टाके सुकले म्हणजे बरं झालं, असं समजणं. दुर्बिणीच्या ऑपरेशनची भोकं आठ-दहा दिवसांत सुकतात. आत जठर कापून पिनांनी शिवलेली लांब रेघ असते, ती बाहेरून दिसत नाही. तिथून गळती व्हायचीच असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत होते, क्वचित त्यानंतरही. तिची खूण नेहमीच पोटदुखी असते असं नाही. बसल्या जागी नाडी १०० च्या वर राहते, ताप येतो, डावा खांदा दुखतो, धाप लागते. नाडी १२० च्या वर गेली तर फोनाफोनी करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. म्हणून पहिले दोन आठवडे शहर सोडायचंच नाही. दोन ते चार आठवडे या काळात सर्जनपासून दोन तासांच्या पलीकडे जायचं नाही. कोकण त्यानंतर, आणि तेही महिन्याची तपासणी झाल्यावर.

गाडी थांबवावी लागेल म्हणून पाणी न पिणं. ही चूक इतक्या वेळा होते की तिच्यावर सविस्तरच बोलायला हवं. तिसऱ्या आठवड्यात मुंबईहून सावंतवाडीला निघालेलं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. सुमारे ५०० किलोमीटर, पहाटे चारला प्रस्थान. माणगावला गाड्यांची रांग. रस्त्यावर धड शौचालय नाही, म्हणून ऑपरेशन झालेली बाई पाणी जपून पिते. घरच्यांनाही ते शहाणपणाचं वाटतं. घरी पोचेपर्यंत चौदा तास जातात आणि पोटात जेमतेम अर्धा लिटर गेलेलं असतं.

एरवी कुणीही रात्री तांब्याभर पाणी पिऊन भरपाई करील. इथे ते जमत नाही. बायपासनंतर जठराची पिशवी साधारण ३० मिलीची उरते, स्लीव्हमध्ये १०० ते १५०. त्यात सूज असते. एका दमात पाव ग्लास घेतला तरी छातीत दाटतं आणि उलटी होते. म्हणजे सकाळी राहिलेलं पाणी रात्री भरून निघतच नाही. दुसऱ्या दिवशी चक्कर, गडद पिवळी लघवी, मळमळ. मळमळीमुळे पिणं आणखी कमी. त्यात रक्तदाबाची लघवी होणारी गोळी जुन्याच डोसनं चालू असेल तर किडनीवर ताण येतो.

उपाय साधा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. ३० मिलीचं छोटं मापी झाकण हातात ठेवा. दर दहा मिनिटांनी एक झाकण, मोबाईलवर गजर लावून. तासाला १८० मिली होतात, दहा तासांत १.८ लिटर. पाणी, पातळ गाळलेलं ताक, मुगाच्या डाळीचं पाणी, नारळपाणी, सगळं मोजणीत धरा. सोडा, कोल्ड्रिंक आणि उसाचा रस नको. दर तासा-दीड तासाला गाडी थांबवा आणि पाच-दहा मिनिटं चालायला लावा. ते लघवीसाठीही लागतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पायातल्या शिरांत गुठळी होऊ नये यासाठी. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात गुठळीचा धोका जास्त असतो, आणि चार तासांपेक्षा जास्त बसून राहिल्यावर तो वाढतो. एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागणं, ही गुठळीची लक्षणं. ती दिसली तर पाय चोळत बसू नका, १०८ ला फोन करा.

कन्फर्म लोअर बर्थ मिळत असेल तर कोकण रेल्वे गाडीपेक्षा कधीही बरी. डब्यात चालता येतं, शौचालय हाताशी असतं.

गावच्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेणं. हे बहुतेकांना ठाऊकच नसतं, म्हणून जास्त घातक. तीच बाई तिसऱ्या दिवशीही उलट्या करतेय असं समजा. शरीरातला थायमिनचा, म्हणजे जीवनसत्त्व बी-१ चा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. ऑपरेशनपासून खाणं कमी, वर उलट्या, म्हणजे तो तळाला गेलेला असतो. अशा वेळी ग्लुकोज शिरेतून दिलं की ते वापरताना उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं. मेंदूला इजा होऊ शकते: एकाच्या दोन वस्तू दिसतात, चाल लडखडते, माणूस गोंधळल्यासारखं बोलतो. वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

यात गावच्या डॉक्टरचा दोष काढण्यात अर्थ नाही. अशक्त पेशंट समोर आला, त्यानं सलाईन लावलं. त्याला माहिती देणं आपलं काम. डिस्चार्ज कार्डासोबत एक कागद ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: ऑपरेशनचा प्रकार आणि तारीख, डेक्स्ट्रोजच्या (ग्लुकोजच्या सलाईनच्या) आधी थायमिनचं इंजेक्शन द्यावं, नाकातून नळी अंदाजानं घालू नये, डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची औषधं देऊ नयेत, सर्जनचा नंबर. कागदाचा फोटो बरोबरच्या दोघांच्या मोबाईलमध्ये हवा. आणि चोवीस तासांत पाणीही टिकत नसेल तर गावात वाट बघत बसू नका, सर्जनला फोन करून मोठ्या हॉस्पिटलकडे निघा.

हरतालिकेचा उपास. चतुर्थीच्या आदल्या दिवशीच येतो, आणि निर्जळी करणाऱ्या बायका "एकच तर दिवस" म्हणतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत तो एक दिवसही परवडत नाही. पूजा करावी, पाणी सोडू नये. सासूबाईंशी हे बोलणं निघायच्या आधी नवऱ्यानं करावं, सुनेवर टाकू नये.

"एकच मोदक घे." चौथ्या आठवड्यापर्यंत अन्न पेजेसारखं किंवा मऊ वाटलेलंच हवं. उकडीची पारी चिकट असल्यानं अडकते. गूळ आतड्यात एकदम उतरला की बायपासवाल्यांपैकी बऱ्याच जणांना अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड आणि जुलाब होतात. स्लीव्ह झालेल्यांनाही कधीकधी होतात. भात आणि चपातीही लवकर सुरू करू नका. प्रथिनं दिवसाला ६० ग्रॅम लागतातच, म्हणून प्रोटीन पावडर मोजून पुड्या बांधून न्या. तालुक्याच्या गावात तीच पावडर मिळेल याची खात्री नसते.

पाच किलोपेक्षा जड काही उचलू नका, किमान महिनाभर. यात कडेवरचं पोरही आलं.

डोकं दुखलं म्हणून कुणी कॉम्बिफ्लाम दिली तर घेऊ नका, तिच्यात आयबुप्रोफेन असतं. पॅरासिटामॉल चालते.

मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्शुलिन जुन्या चिठ्ठीप्रमाणे घेणं थांबवा. खाणं घटतं तशी साखर उतरते आणि ग्लिमेपिराईडसारख्या गोळीनं प्रवासात साखर एकदम कोसळू शकते. निघण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या, ग्लुकोमीटर जवळ ठेवा.

परदेशातून ऑपरेशनसाठी भारतात आलेल्यांची घाई वेगळीच. रजा संपते म्हणून दहाव्या दिवशी लांबचं विमान धरतात. इतक्या लवकर आठ-दहा तास एका सीटवर बसणं मला मान्य नाही. परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा.

चाचणी न घेता निघणं. निघण्याआधी सलग तीन दिवस घरीच मोजा: १.५ लिटर द्रव, ६० ग्रॅम प्रथिनं, एकही उलटी नाही, लघवी फिकट, बसल्या जागी नाडी १०० च्या खाली. यातलं एक जरी चुकलं तर घरच्यांनी जावं आणि पेशंटनं कुणाच्या तरी सोबतीनं मागे राहावं. अनेकांना हे निष्ठुर वाटतं, पण घरच्या बिछान्यावर जे साधत नाही ते कशेडी घाटात साधणार नाही.

चाचणी पार पडली तरी मुक्कामाच्या गावाजवळचं मोठं हॉस्पिटल आधीच ठरवा. सिंधुदुर्गातून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं, रत्नागिरीकडून कोल्हापूर. शिवाय घरातल्या एका गाडी चालवणाऱ्याकडून कबूल करून घ्या की आरती अर्धी टाकूनही तो रात्री निघेल.