कोबाल्टचा मुलामा: व्हीएसएमला दोष देण्याआधी या चुका टाळा

द्रावणातून विजेने कोबाल्टचा थर चढवला, तो चकचकीत बसला, जाडी हवी तेवढी आली, आणि व्हीएसएमवर (नमुना कंपवून त्याचं चुंबकत्व मोजणारं यंत्र) हिस्टरेसिसच्या वळशाने, म्हणजे क्षेत्र वाढवत-उतरवत काढलेल्या चुंबकत्वाच्या आलेखाने, भलताच आकार घेतला, की पहिला संशय यंत्रावर जातो. बिचाऱ्या यंत्राचा दोष क्वचितच असतो. घोळ बीकरमध्ये झालेला असतो, आणि मी पाहिलेले बहुतेक घोळ शेवटी पीएचपाशी येऊन थांबले.

कोबाल्टचं प्रमाण विभव (आयनाचा धातू होण्याची ओढ दाखवणारा आकडा) उणे 0.28 व्होल्ट आहे, म्हणजे हायड्रोजनच्या खाली. त्यामुळे कॅथोडवर, म्हणजे थर बसतो त्या इलेक्ट्रोडवर, कोबाल्टसोबत थोडाफार हायड्रोजन सुटतोच. त्यात आम्ल खर्ची पडतं आणि पृष्ठभागालगतचा पीएच चढतो. मीटर निवांतपणे 4 दाखवत असतो, पण इलेक्ट्रोडला चिकटलेल्या पातळ पापुद्र्यात तेव्हा कोबाल्ट हायड्रॉक्साइड तयार होत असतं. थर काळपट, करपल्यासारखा किंवा ठिसूळ दिसला तर विद्युतधारा कमी करा, द्रावण ढवळा आणि पीएच सावरून धरणारं बोरिक आम्ल पुरेसं आहे का पाहा. लिटरला 30 ते 40 ग्रॅम चालतं. थंडीत रात्रभर ठेवलेल्या बाथच्या (मुलाम्याच्या द्रावणाच्या) तळाशी त्याचेच स्फटिक बसतात. ते गाळून टाकू नका, द्रावण कोमट करून पुन्हा विरघळवा.

याच्या उलट चूकही सर्रास होते. हायड्रॉक्साइडच्या धास्तीने कुणी सल्फ्युरिक आम्ल ओतत पीएच 2च्या खाली नेतं. धारेचा मोठा वाटा मग नुसते बुडबुडे काढण्यात जातो. शिवाय थराची स्फटिकरचनाच बदलू शकते. एरवी घन रचनेचा कोबाल्ट सुमारे 420 अंश सेल्सिअसच्या वर स्थिर असतो, पण फार आम्लधर्मी बाथमधून तो खोलीच्या तापमानालाही बसतो. नेहमीच्या षट्कोनी रचनेच्या मानाने त्याची चुंबकीय विषमदिकता, म्हणजे एका ठरावीक दिशेनेच चुंबकित होण्याचा कल, बरीच कमी असते. वळसा बदलतो तो इथे.

एक्स-रे विवर्तनात हे पकडायला जाल तर तिथेही ठेच लागते. षट्कोनी रचनेचं 002 शिखर (हे आकडे स्फटिकातल्या प्रतलांची नावं) 44.5 अंशांवर आणि घन रचनेचं 111 शिखर 44.2 अंशांवर, म्हणजे जवळजवळ एकावर एक. निवाडा 41.6 आणि 47.5 अंशांवरच्या षट्कोनी शिखरांवर करा. मात्र स्फटिकांचे दाणे एकाच दिशेने उभे असतील तर तीही दिसणार नाहीत. त्यातून तांब्याच्या नळीचे क्ष-किरण कोबाल्टला प्रतिदीप्त करतात (तो स्वतःच क्ष-किरण सोडू लागतो), म्हणून पार्श्वभूमी उंच येते. तो नमुन्याचा दोष नव्हे.

नॅनोतारांचं गणित

सच्छिद्र ॲल्युमिनाच्या साच्यात, त्याच्या बारीक छिद्रांतून, कोबाल्टच्या तारा वाढवताना सगळ्यात महाग पडते ती क्षेत्रफळाची चूक. चौरस सेंटिमीटरला 10 मिलिअँपिअर धारा दिली, सगळी कोबाल्टवरच खर्च झाली असं धरलं, तर थर मिनिटाला साधारण 0.2 मायक्रोमीटर वाढतो. पण साच्यात छिद्रांचा वाटा 10 टक्केच असेल आणि तुम्ही सगळ्या चकतीचं क्षेत्रफळ धरलं असेल, तर छिद्रांतली खरी घनता दहापट होते. एवढा कोबाल्ट खोलवर पोचत नाही, हायड्रोजन सुटतो, बुडबुडे छिद्रं बुजवतात, आणि काही तारा उंच तर काही ठेंगण्या राहतात. साचा आधी निर्वातात भिजवून घ्या, म्हणजे आत हवा अडकत नाही. विभव स्थिर ठेवून वाढवत असाल तर धारा-काळ आलेखावर सपाट भागानंतर धारा चढू लागली की थांबा. तारा तोंडाशी आल्याची ती खूण. पुढे त्यांच्यावर टोप्या वाढतात.

इथेही पीएच आहेच. लांब तारेची आकारजन्य विषमदिकता (चुंबकत्व तारेच्या लांबीच्या दिशेने धरणारी) घनमीटरला सुमारे 6 लाख ज्यूल, आणि षट्कोनी कोबाल्टची स्फटिकजन्य विषमदिकता सुमारे 5 लाख. दोघी तुल्यबळ. पीएच 4च्या आसपास स्फटिकाचा सी-अक्ष, म्हणजे षट्कोनी कोबाल्टची चुंबकत्वाला सोपी दिशा, बहुधा तारेला आडवा बसतो, आणि दोघी एकमेकींना ओढत राहतात. पीएच 6च्या वर तो तारेच्या दिशेने येऊ लागतो. लेखात नुसतं ‘कोबाल्ट नॅनोतारा’ लिहून पीएच न देणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

प्लॅटिनमचा ॲनोड वापरत असाल तर तिथे ऑक्सिजन सुटून बाथ हळूहळू आम्लधर्मी होतो. सकाळी मोजलेला पीएच दुपारी गृहीत धरू नका.

मापनाआधी

स्टीलचा चिमटा बाजूला ठेवा, प्लास्टिकचा घ्या. थराखाली निकेलचा पाया असेल तर त्याचाही चुंबकीय संकेत मोजला जाईल, त्यापेक्षा सोनं किंवा तांबं बरं. मॅग्नेटिक स्टररची कांडी अधूनमधून पुसा. सुटलेल्या कोबाल्टच्या कपच्या तिलाच चिकटलेल्या सापडतात. हे मी दोन आठवडे ‘थर गेला कुठे’ म्हणून शोधल्यावर शिकलो.

चुंबकीय क्षेत्रात थंड करून मोजलेला वळसा एका बाजूला सरकला असेल तर घाबरू नका, पण खूशही होऊ नका. माइकलजॉन आणि बीन यांनी 1956 मध्ये ऑक्साइडचं कवच असलेल्या कोबाल्टच्या कणांत हेच पाहिलं होतं. तुमचा नमुना मधल्या काळात हवेत पडून राहून त्यावरही ऑक्साइड चढलं नाही ना, ते आधी विचारा.