प्राणी-वनस्पतींची मोजणी करताना या चुका टाळा

पर्यावरणाच्या प्रकल्पवह्या तपासायला घेतल्या की तीच वाक्यं पुन्हा पुन्हा भेटतात. ‘तळ्यावर 16 पाणकोंबड्या आढळल्या.’ ‘टेकडीवर 40 फुलपाखरे आहेत.’ किती वेळात, किती जागेत, कुठे उभं राहून, याचा पत्ता नाही. एखाद्या प्रजातीची संख्या जागा आणि वेळ सोडून सांगताच येत नाही. ही गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते.

दिसले तितके म्हणजे आहेत तितके, असं धरणं

सातला तळ्यावर 7 पाणकोंबड्या दिसल्या, साडेसातला 9. वहीत बेरीज, 16. अहो, त्यातल्या बहुतेक त्याच आहेत! एका वेळी दिसलेला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, म्हणजे 9. त्याच्याही आधी ‘किमान’ लिहायचं, कारण पाणकणसात शिरलेल्या तुम्हाला दिसलेल्याच नाहीत.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजतात, तिथेही हेच होतं. एकच सांबर रात्रीतून दोन पाणवठ्यांवर येतं आणि दोन्ही मचाणांवर त्याची नोंद होते. चिंकारा पाण्यावाचून बरेच दिवस काढतो, तो यादीत येईलच असं नाही. आदल्या दिवशी वळीव झाला की जंगलात जागोजागी डबकी साचतात आणि पाणवठा ओस पडतो. तोच पाणवठा, तितकेच तास, दरवर्षी, आणि सोबत पावसाची व जवळपास झालेल्या नव्या पाणवठ्याची नोंद असेल, तर या आकड्यांवरून चढउतार कळतो. जंगलात एकूण गवे किती, हे त्यावरून कळत नाही.

हा फरक न पाळल्याने काय होतं ते राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात दिसलं. 2004 मध्ये तिथे कागदोपत्री 16 ते 18 वाघ होते. मोजणी पगमार्कवरून, म्हणजे पंजाच्या ठशांवरून व्हायची. ठशावर काच धरून रेघ उतरवायची, प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यायचा आणि हा वाघ वेगळा की तोच, हे नजरेने ठरवायचं. पण ओल्या मातीत पंजा पसरतो, भुसभुशीत धुळीत कडा ढासळतात, चाल बदलली की ठसाही बदलतो. एका वाघाचे दोन व्हायला वेळ लागत नाही. 2005 च्या सुरुवातीला कसून शोध घेतला तेव्हा तिथे एकही वाघ उरला नव्हता. शिकारीने ते संपले होते आणि कागदावरचा आकडा शाबूत होता.

त्यानंतर देशभरात कॅमेरा ट्रॅपवर, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांवर भर आला. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आणि एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीवरचेही वेगळे. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. एकच कॅमेरा लावलात तर पुन्हा एकाचे दोन होतात.

पगमार्कवरून 2002 चा आकडा आला होता 3642. नव्या पद्धतीने 2006 चा अंदाज आला 1411. हे दोन वजा करून ‘चार वर्षांत 2231 वाघ गेले’ असं लिहिणारे आजही आहेत. पद्धत बदलली की वजाबाकी करायची नसते. वाघ कमी झाले हे खरं, पण किती, ते या वजाबाकीतून निघत नाही.

चौकट आवडेल तिथे टाकणं

सातारा भागातल्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, सप्टेंबरात गेलं की पाय आपोआप तेरड्याच्या गुलाबी पट्ट्याकडे वळतात, आणि मोजणीची चौकट (ठरावीक मापाचा चौकोन, ज्याच्या आतलीच झाडं मोजायची) तिथेच पडते. मग दर चौरस मीटरमागची तीच घनता अख्ख्या सड्याला लावली जाते. डोळे मिटून चौकट भिरकावणं हाही उपाय नव्हे. उभे तुम्ही फुलांतच असता.

आधी सड्याचे भाग पाडा: उघडा कातळ, पाणी साचणारी उथळ खळगी, मातीचा जाड थर. सीतेची आसवं आणि गेंद ही फुलं ओलीत मिळतील, उघड्या कातळावर शोधू नका. मग प्रत्येक भागात 50 मीटरच्या दोन टेप काटकोनात अंथरा, 0 ते 50 च्या चिठ्ठ्यांतून दोन आकडे काढा आणि ते दोन्ही आकडे जिथे मिळतात तिथे चौकट ठेवा. गवत आणि छोट्या झाडोऱ्याला 1 × 1 मीटर, झुडपांना 5 × 5, झाडांना 10 × 10. बुंधा आत तर मोजायचं, फांदी आत आली म्हणून नाही. बुंधा रेषेवर असेल तर उत्तर आणि पूर्व बाजूचं धरायचं, बाकीचं सोडायचं. चौकटी किती? नवी प्रजाती मिळणं जवळजवळ थांबेपर्यंत. ‘सरांनी दहा सांगितल्या’ हे उत्तर नव्हे. राखीव क्षेत्रात जायचं तर आधी परवानगी, आणि फुलं तुडवून मिळवलेला आकडा नको.

खूण करून सोडण्यातली घाई

काही प्राणी पकडून, खूण करून सोडायचे आणि पुन्हा पकडल्यावर त्यात खुणेचे किती यावरून एकूण संख्येचा अंदाज काढायचा, अशी एक पद्धत आहे. 40 गोगलगायींवर खूण केली, पुढच्या खेपेला 50 पकडल्या, त्यात 8 खुणेच्या. एकूण अंदाज 40 × 50 ÷ 8 = 250. आता चौघींचा रंग गळला असेल तर 8 च्या जागी 4 दिसतील आणि उत्तर थेट 500. म्हणून रंग आधी पाण्यात तपासा. सोडल्यावर दोनतीन दिवस मिसळू द्या; त्याच संध्याकाळी त्याच दगडाखाली हात घातलात तर खुणेच्याच जास्त हाती लागतील आणि आकडा घसरेल. परत सापडलेल्या इतक्या कमी असतील तर मी तिन्ही आकड्यांत एकेक मिळवून तेच गणित करते आणि शेवटी एक वजा करते: 41 × 51 ÷ 9 − 1, म्हणजे सुमारे 231.

उरलेल्या चुका थोडक्यात. ‘बगळे 30’ लिहू नका. गायबगळा वेगळा, छोटा बगळा वेगळा. अधिवास लिहा म्हटलं की ‘जंगल’ लिहून मोकळं होऊ नका. बीळ, ढोली, ओढ्याकाठचा दगड, नेमकं लिहा. माळरानावर झाडं नाहीत म्हणून त्याला ओसाड म्हणू नका. धाविक पक्षी, खोकड (छोटा कोल्हा), माळढोक यांना तेच लागतं, आणि तिथे रोपं लावली की त्यांचं घर जातं. आणि शून्य आलं तर शून्य लिहा. रिकाम्या चौकटी गाळून काढलेली सरासरी नेहमी फुगलेली असते.