आदिवासी मुलांचा वर्ग पहिल्यांदाच मिळालाय? या चुका टाळा

नोकरीचं पहिलंच वर्ष. नागपुरातली शाळा, सातवीचा वर्ग, त्यात वसतिगृहातून येणारी अकरा मुलं. मेळघाटातून आलेला एक मुलगा तोंडच उघडायचा नाही. मी त्याला देवलापारकडच्या मुलाशेजारी बसवलं आणि सांगितलं, "याला तुमच्या भाषेत समजाव बरं." दोघंही माझ्याकडे बघत राहिले. शेवटी देवलापारचा हळूच म्हणाला, "सर, तो कोरकू आहे. मी गोंड." मग दोघं आपसात हिंदीत बोलायला लागले.

हजेरीत ‘अ. ज.’ म्हणजे अनुसूचित जमाती दिसलं की आपण सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो. गोंडी ही द्रविड कुळातली, तेलुगूची नातेवाईक. कोरकू मुंडा गटातली. म्हणजे मी केलं ते मराठी आणि तमिळ माणसाला शेजारी बसवून ‘बोला आता तुमच्या भाषेत’ म्हणण्यासारखंच. शिवाय नागपुरातच वाढलेल्या कितीतरी गोंड घरांत मराठी किंवा हिंदीच चालते. तेव्हा पहिल्या आठवड्यात एकेकट्याला गाठून विचारा, "आजीशी कोणत्या भाषेत बोलतोस?" सगळ्या वर्गासमोर मात्र नको.

लाल पेन आवरा. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. ‘खुर्ची तुटला’, ‘झाड पडली’ असं वहीत दिसलं की मी गोल करून ‘लक्ष दे’ लिहायचो. पोरं लक्ष देतच होती. गोंडीत पुरुष एका बाजूला आणि बाई, बैल, खुर्ची, झाड असं बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. अशा घरातून आलेल्या मुलाला मराठीची तीन लिंगं सांभाळायची असतात, आणि खुर्ची ‘ती’ काहून, टेबल ‘ते’ काहून, याचं उत्तर आपल्याकडेही नसतं. उपाय साधा आहे. नवा शब्द फळ्यावर एकटा लिहूच नका. ‘ती खुर्ची’, ‘ते टेबल’, ‘तो फळा’ असा जोडीनेच लिहा, म्हणजे कानाला सवय होते. आणि विज्ञानाच्या पेपरात ‘पाण्याची वाफ झाला’ आलं तर पूर्ण गुण द्या. वाफ झाली हे त्याला कळलंय.

गप्प म्हणजे ढ नव्हे. प्रश्न विचारून दोन सेकंदांत ‘चला, पुढचा सांग’ म्हणू नका. आधी वहीत लिहायला लावा, मग शेजाऱ्याला सांगायला, मग मोठ्याने. माझ्या वर्गात सहा महिने न बोललेल्या मुलीच्या वहीत अपूर्णांकाची सगळी गणितं बरोबर निघाली होती.

स्नेहसंमेलन. चेहऱ्याला रंग, कमरेला पानं, आणि ‘आदिवासी नृत्या’साठी वसतिगृहाच्याच मुली. मी त्या वर्षी गुपचूप उभा राहून बघितलं. त्यातल्या एकीला लावणी करायची होती, हे मला मार्चमध्ये कळलं. विचारा हो आधी.

इतिहास सांगा, पण वळून बघू नका. नागपूर वसवलं देवगडच्या (कोकणातलं नव्हे, छिंदवाड्याकडचं) गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, 1702 च्या सुमारास. भोसले नंतर आले. हे नागपूरकरांपैकीही अनेकांना ठाऊक नसतं, म्हणून सगळ्या वर्गाला सांगा. मात्र सांगताना मागच्या बाकावरच्या उईकेकडे बोट करून ‘याचे पूर्वज बरं का’ म्हणालात, तर तो पुढचा तासभर मान वर करणार नाही.

कुणी कुणाला ‘जंगली’ म्हटलं तर मधल्या सुट्टीवर ढकलू नका, तिथेच थांबवा. म्हणणाऱ्याला नंतर वेगळं बोलवा. ज्याला म्हटलं त्याला सगळ्यांसमोर उभं करून सांत्वन करू नका. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही बंदी आहे, आणि ती आपल्यालाही लागू आहे. हा शब्द बऱ्याचदा शिक्षकांच्या खोलीतूनच वर्गात आलेला असतो, हेही ध्यानात ठेवा.

आता दिवाळीनंतरची गैरहजेरी. मुलं चार-पाच दिवस उशिरा येतात आणि आपण दारातच विचारतो, "काहून रे, सुट्टी संपली नाही का तुझी?" भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे तेव्हा धान कापणी चालू असते आणि घरात जेवढे हात तेवढे शेतात लागतात. मुलांना शेतातून वेळेवर आणणं एकट्या शिक्षकाच्या हातात नाही. पण वसतिगृहाच्या गृहपालांना फोन करून कोण कधी पोहोचतंय ते विचारता येतं, आणि सत्र सुरू झाल्यावर पहिले चार दिवस नवा धडा न घेता उजळणी ठेवता येते.